वडगांवच्या रणांतील दौलतींचीं पथकें

तळेगांव दाभाड्याहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यानें इंद्रायणी ओलांडून इंदोरी मागें टाकली म्हणजे सुदुंबरें हें गांव लागतें. महाराष्ट्रास या गांवाची ओळख आहे ती संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळें. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून ज्यांचें नांव वारकरी संप्रदाय आदरानें घेतो, त्या संताजींचें हें स्थान. टाळमृदंगाखेरीज दुसरा घोष या परिसरांत कधीं उठला असेल असें पाहणाराच्या मनांतहि येत नाहीं. परंतु सुदुंबऱ्यापासून थोड्या कोसांच्या टापूंत मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे बहुतेक सर्व टप्पे पसरलेले आहेत. जवळच इंदोरीस दाभाड्यांची गढी आहे; नदीपलीकडे तळेगांव हें सेनापतींचें गांव; आणि त्याच्याहि पश्चिमेस वडगांव, जेथें १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांच्या मुंबईच्या फौजेनें हार खाऊन तह मागितला.

वडगांवच्या लढाईची हकीकत शालेय पुस्तकांतूनहि येते. परंतु ती लढाई जिंकणारें सैन्य कसें बनलेलें होतें, इकडे क्वचितच लक्ष जातें. तें एका खजिन्यावर पोसलेलें सैन्य नव्हतें. पुण्याची हुजुरात, शिंद्यांचें लष्कर, होळकरांचें लष्कर आणि लहानमोठ्या सरदारांचीं पथकें मिळून तें उभें राहिलें होतें. प्रत्येकाचें निशाण वेगळें, गोट वेगळा, हिशेबाची वही वेगळी. अशा सैन्यास एक प्रश्न जन्मापासून चिकटलेला असतो: शिपाई लढतो कोणाच्या नांवानें, आणि जेवतो कोणाच्या हातचें? दोहोंचें उत्तर एकच असलें तर सैन्य एक राहतें. उत्तरें वेगळीं पडलीं तर विजयाच्या दिवशीं देखील त्यांत भेग असते. योगायोग असा कीं, याच वर्षीं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस अमेरिकेंतील तेरा संस्थानांच्या पलटणी इंग्रजांशींच लढत होत्या, आणि हाच प्रश्न त्यांच्याहि छावणींत उभा होता.

मावळापुरतें पाहिलें तर या प्रश्नाचा आरंभ शिवकालांत जातो. मावळ म्हणजे एक सलग मुलूख नव्हे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नदीखोऱ्यांची ती मालिका आहे. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ हीं त्यांपैकीं उत्तरेकडील खोरीं. खोऱ्याखोऱ्याचा देशमुख निराळा, आणि त्याच्या हाकेस ओ देणारीं माणसेंहि निराळीं. स्वराज्याच्या प्रारंभीं लढाईस जमाव आला तो याच वाटेनें. जेध्यांच्या मागें जेध्यांची जमात आली, बांदलांच्या मागें बांदलांची. शिवाजी महाराजांनीं या स्थानिक जिव्हाळ्याचा उपयोग करून घेतला, परंतु सैन्याचा पाया त्यावर ठेवला नाहीं. सभासदाच्या बखरींत स्वारांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पांच हजाऱ्यांवर पंचहजारी. बारगिराचें घोडें सरकारी, हत्यार सरकारी आणि पगार सरकारच्या खजिन्यांतून. पायदळांतहि नाइकापासून सरनोबतापर्यंत अशीच उतरंड होती. मुलूख तोडून देऊन फौज ठेवण्याची पद्धत महाराजांनीं होतां होईल तों टाळली. माणूस खोऱ्याचा असे, परंतु त्याची चाकरी राज्याची असे.

ही व्यवस्था संभाजी महाराजांच्या वधानंतर, म्हणजे १६८९ नंतर टिकणें कठीण झालें. राजधानी पडली, छत्रपति राजाराम जिंजीस गेले, खजिना रिकामा झाला. औरंगजेबाकडून मराठे सरदारांस मनसबींचें आमिष दाखविण्यांत येत होतें. अशा वेळीं आपल्या बाजूस राहून जो जितका मुलूख शत्रूपासून सोडवील तितका त्यानें फौजेच्या खर्चासाठीं राखावा, असें सांगण्यावांचून दुसरा उपाय राहिला नाहीं. या सरंजामी वाटेनें मराठी राज्य वांचलें, ही गोष्ट न्यायानें मान्य केली पाहिजे. संकटांत स्वीकारलेली ही सोय संकट सरल्यावर मात्र गेली नाहीं. तिचीच पुढें व्यवस्था बनली.

तळेगांवच्या दाभाड्यांचें घराणें हें या व्यवस्थेचें जवळचेंच उदाहरण. खंडेराव दाभाडे यांस शाहू महाराजांनीं १७१७ सालीं सेनापतिपद दिलें. गुजराथची मोहीम त्यांच्या घराण्याकडे आली. आणि गुजराथेंत जें मिळे त्यावर त्यांच्या फौजेचें पोट चाले. पेशवे बाजीराव यांचाहि हात जेव्हां गुजराथेकडे वळला, तेव्हां वादाचें मूळ मानापमानाइतकेंच पोटाचेंहि होतें. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळ छत्रपतींचा पेशवा व छत्रपतींचा सेनापति समोरासमोर उभे राहिले आणि त्या लढाईंत खंडेरावांचे चिरंजीव त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. दोन्ही सैन्यें एकाच छत्रपतीच्या नांवानें लढत होतीं. पुढें दाभाड्यांचें बळ ओसरत गेलें व त्यांच्या हाताखालचे गायकवाड हे गुजराथचे धनी झाले. पथक ज्याच्या हातीं, मुलूख त्याच्या हातीं, हा नियम तळेगांवकरांस आपल्याच घरच्या उदाहरणावरून शिकावा लागला.

पेशवाईच्या उत्तरकाळीं ही पथकपद्धति पूर्ण रूढ झालेली होती. पेशव्यांच्या प्रत्यक्ष हुकमांतील फौजेस हुजुरात म्हणत. तिच्यांत खास पागा व शिलेदार असत. शिलेदार म्हणजे स्वतःचें घोडें व हत्यार घेऊन चाकरीस येणारा स्वार. त्याचें घोडें मेलें तर नुकसान त्याचेंच, म्हणून तो घोड्यास जपे आणि प्रसंगीं लढाईसहि जपून उतरे. हुजुरातीच्या बाहेर सरंजामी सरदार. सरंजामाची सनद देतांना इतक्या स्वारांनिशीं चाकरी करावी असा करार होई. सरदाराच्या कारभारावर नजर ठेवण्यास सरकारांतून दरकदार नेमले जात. मोहिमेच्या आरंभीं स्वारांस नालबंदी, म्हणजे घोड्याच्या तयारीसाठीं आगाऊ रक्कम, द्यावी लागे. पुढें रोजमुरा चाले. दसरा झाला कीं सीमोल्लंघन व्हावयाचें, आणि पावसाळ्यापूर्वीं फौजेनें घराकडे वळावयाचें, असा शतकाचा रिवाज होता.

कागदावर ही रचना सुबक दिसते. व्यवहारांत सरंजामाचा वसूल उशिरां येई, दुष्काळांत मुळींच येत नसे, आणि सरदार सावकाराच्या दारीं जाई. व्याज चढलें कीं स्वार कमी होत. हजिरीच्या कागदावरील आंकडा व रणांतील आंकडा यांत अंतर पडे. पगार थकला तर शिपाई सरदाराच्या दारांत धरणें धरून बसे. तो पुण्याच्या दारांत येत नसे, कारण त्याचा धनी सरदार होता. जो शिपाई तक्रार घेऊन दौलतीच्या दारापर्यंत पोंचतच नाहीं, त्याची निष्ठाहि तेथपर्यंत पोंचण्यास वाट राहत नाहीं.

अशा स्थितींत पुण्यावर १७७३ चें संकट आलें. ३० ऑगस्ट रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रघुनाथरावांनीं गादी बळकावली. बारभाईंनीं त्यांस विरोध केला. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मास आले व या तान्ह्या पेशव्याच्या नांवानें कारभार सुरू झाला. रघुनाथरावांनीं ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस मुंबईकर इंग्रजांशीं तह केला; साष्टी बेट इंग्रजांनीं त्याआधींच घेतलें होतें. कलकत्तेकरांनीं तो तह नापसंत करून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. इतक्यांत फ्रेंच वकील सेंट लुबिन पुण्यास आल्यामुळें इंग्रजांचा संशय बळावला. १७७८ मध्यें अमेरिकन संस्थानांशीं फ्रान्सनें मैत्रीचा तह केला आणि इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध जुंपलें. त्या युद्धाचे पडसाद हिंदुस्थानांतहि उठले. भोर घाटावर आलेलें संकट आणि अमेरिकेंतील लढा हे अशा रीतीनें एकाच मोठ्या युद्धाचे दोन कोपरे होते.

पुण्यांतहि एकी नव्हती. १७७८ च्या पूर्वार्धांत मोरोबा फडणीस यांनीं नानांच्या विरुद्ध उठाव केला, तेव्हां तुकोजी होळकर मोरोबांच्या बाजूस होते. महादजी शिंद्यांनीं त्यांस तेथून वळविलें म्हणून नाना तरले. मुंबईकरांचा सारा हिशेब या फुटीवर बसविलेला होता. रघुनाथराव घाट चढून आले कीं जुने सरदार एकामागून एक त्यांस येऊन मिळतील, ही त्यांची अटकळ. सरदारांच्या पथकांनीं बनलेलें सैन्य सरदार फोडून मोडतां येतें, हा तर्क मुळांत चुकीचा नव्हता. डभई व मोरोबाचें प्रकरण दोन्ही त्यास अनुकूल होतीं.

१७७८ च्या नोव्हेंबरांत मुंबईहून सुमारें ३,९०० लोकांची फौज निघाली. मुख्य सेनाधिकारी कर्नल इगर्टन. परंतु निर्णयाचा अधिकार जॉन कार्नाक व मॉस्टिन यांसह एका समितीकडे दिलेला. मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारीस वारला. कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट यानें २५ नोव्हेंबरास आघाडीच्या तुकडीनिशीं घाट गांठला. परंतु मुख्य फौज १९,००० बैलांच्या लवाजम्यासह डिसेंबर संपत आला तेव्हां वर आली. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचें आठ मैलांचें अंतर चालण्यास तिला अकरा दिवस लागले.

या विलंबाचा उपयोग पुण्याच्या बाजूनें कसा केला, यांत पथकांच्या सैन्याचें खरें सामर्थ्य दिसून येतें. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि तोफखान्याचे भिवराव पानसे यांनीं समोरासमोरची एक मोठी लढाई देण्याचें टाळलें. हलके स्वार इंग्रजी फौजेच्या भोंवतीं फिरत राहिले. चारा आणण्यास बाहेर पडणारी टोळी कापावयाची, घाटाखालीं मुंबईकडे जाणारी रसदेची वाट तोडावयाची, रोज दुरून तोफा व बाण सोडावयाचे, आणि शत्रु पुढें सरकला कीं तितकेंच मागें सरावयाचें. या प्रकारच्या लढाईस एकसारखी कवाईत लागत नाहीं. मुलखाची माहिती, चपळ घोडीं आणि आपापल्या सरदाराचा इशारा ओळखणारीं माणसें लागतात. पथकांत हें सर्व भरपूर होतें. ३१ डिसेंबरास ले. कर्नल के यास प्राणघातक जखम झाली. ४ जानेवारीस कार्ल्यास स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्यानें पडला. त्याच्या शौर्याबद्दल मराठ्यांनीं त्यास ‘इष्टूर फाकडा’ हें नांव दिलें, आणि शत्रूचें तें नांव मावळानें आजवर राखलें आहे. ६ जानेवारीस आजारी इगर्टननें अधिकार सोडला व कॉकबर्न सेनापति झाला.

९ जानेवारीस इंग्रज तळेगांवास पोंचले तेव्हां त्यांस गांव जळलेलें आढळलें. धान्य नाहीं, चारा नाहीं. शत्रु पुढें आलाच तर चिंचवडाची व खुद्द पुण्याचीहि हीच गत करण्याची सिद्धता असल्याची बातमी त्यांस लागली. पुणें येथून अवघें अठरा-वीस मैल राहिलें होतें. येथें क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सेनापति दाभाड्यांचें गांव दौलतीच्या रक्षणासाठीं दौलतीच्याच फौजेनें जाळलें. सरदाराची जहागीर आणि दौलतीचें हित यांत निवड करण्याची वेळ आली असतां, त्या एका पंधरवड्यांत निवड दौलतीच्या बाजूनें झाली. तिची किंमत मात्र सरदाराहून अधिक रयतेनें मोजली. पौष महिन्यांत घरांतील दाणा व अंगणांतील कडबा गेलेल्या कुणब्यास, जाळणारें निशाण आपलें कीं परक्याचें, या भेदाचा दिलासा फारसा नसतो.

रघुनाथरावांस येऊन मिळेल असा सरदार एकहि निघाला नाहीं. ११ जानेवारीच्या रात्रीं इंग्रजांनीं जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत टाकल्या, सामान जाळलें आणि मागें फिरण्यास आरंभ केला. रात्र संपण्यापूर्वींच मराठ्यांचा वेढा पडला. पिछाडीस कॅप्टन हार्टले याची तुकडी होती. तिनें दिवसभर हल्ले परतविले म्हणून उरलेली फौज १२ तारखेस वडगांवांत शिरूं शकली. त्या दोन दिवसांत मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून इंग्रजांचे साडेतीनशेंहून अधिक लोक गेले, आणि त्यांत पंधरा युरोपियन अधिकारी होते. हार्टलेच्या शिपायांचें शौर्य मराठ्यांनींहि वाखाणलें. मुंबईच्या पलटणींत पुष्कळसे शिपाई कोंकणपट्टीचे असत. त्यांची भाषा समोरच्या स्वारांचीच होती. त्यांस कंपनीशीं बांधणारा धागा महिन्याच्या महिन्यास मिळणाऱ्या पगाराचा होता. तो धागा त्या दिवशीं वडगांवच्या शिवारांत तुटला नाहीं.

तहाचें बोलणें सुरू झाल्यावर मात्र विजयी सैन्यांतील भेग उघडी पडली. नाना फडणिसांनीं रघुनाथरावांस स्वाधीन करण्याची अट घातली. इंग्रजांनीं पाहिलें कीं पुण्याच्या कारभाऱ्यांहून शिंद्यांशीं स्वतंत्र बोलणें अधिक सोईचें आहे. त्यांनीं महादजींकडे वेगळा माणूस पाठविला. १६ जानेवारीच्या सुमारास ठरलेल्या करारानें साष्टीसुद्धां अलीकडे घेतलेला मुलूख परत करावयाचा, बंगालहून येणारी फौज थांबवावयाची आणि दोन इंग्रज ओलीस ठेवावयाचे असें झालें. रघुनाथराव महादजींच्या हवालीं झाले. याखेरीज इंग्रजांच्या ताब्यांतील भडोच महादजींस देण्याचें व त्यांच्या माणसांस ४१,००० रुपये वाटण्याचें कलम होतें. लढाई दौलतीची, परंतु तहाचा एक भाग एका सरदाराचा. महादजींचें कर्तृत्व निर्विवाद होतें, आणि त्यांची फौज त्यांच्याच उत्पन्नावर उभी होती. तेव्हां त्यांनीं उत्पन्न मिळविलें यांत त्या काळच्या नीतीनें वावगें कांहींच नव्हतें. दोष व्यवस्थेंतला होता.

याच सुमारास अमेरिकेंत काय चाललें होतें, तें पाहणें उद्बोधक आहे. तेथें १४ जून १७७५ रोजीं तेरा वसाहतींच्या काँग्रेसनें संयुक्त सैन्य उभारण्याचें ठरविलें व वॉशिंग्टन यांस सेनापति नेमलें. सप्टेंबर १७७६ मध्यें काँग्रेसनें ८८ पलटणी मागितल्या आणि त्यांची वांटणी संस्थानवार केली: मॅसॅच्युसेट्स व व्हर्जिनिया यांनीं प्रत्येकीं १५, पेनसिल्व्हेनियानें १२, तर डेलावेअर व जॉर्जिया या लहान संस्थानांनीं प्रत्येकीं एकच. एका संस्थानाच्या सर्व पलटणींस मिळून त्या संस्थानाची ‘लाइन’ म्हणत. भरती संस्थानानें करावयाची, कर्नलपर्यंतचे अधिकारी संस्थानानें निवडावयाचे, सनद मात्र काँग्रेसनें द्यावयाची. युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या शिपायास काँग्रेसनें २० डॉलर व १०० एकर जमीन देऊं केली. कांहीं संस्थानें आपल्याकडून वर आणखी रक्कम देत, आणि मग एकाच छावणींत एकाच कामास निरनिराळा मोबदला मिळून मत्सर वाढे. याखेरीज कांहीं संस्थानांनीं केवळ स्वतःच्या रक्षणासाठीं आणखी पलटणी ठेवल्या होत्या. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. ती संस्थानांकडे मागणी करी, आणि संस्थानें जमेल तसें देत. १७७७-७८ च्या हिंवाळ्यांत व्हॅली फोर्जच्या छावणींत सुमारें दोन हजार शिपाई रोगानें व उपासमारीनें मेले.

१ जानेवारी १७८१ रोजीं पेनसिल्व्हेनियाची लाइन बंड करून उठली. वर्षाहून अधिक काळ पगार नव्हता, आणि करार तीन वर्षांचा कीं युद्धअखेरपर्यंतचा, याचाहि वाद होता. शिपाई छावणी सोडून काँग्रेस जेथें भरत असे त्या फिलाडेल्फियाच्या रोखानें निघाले. इंग्रज सेनापतीनें त्यांस फोडण्यासाठीं दोन माणसें पाठविलीं; बंडखोरांनीं तीं स्वतः पकडून दिलीं व त्यांस फांशी झाली. परंतु बंड मिटविण्यास गेला तो पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष जोसेफ रीड. सरसेनापतीस तें काम करतां आलें नाहीं. थकलेला पगार, फितुरीचें आमिष, तें नाकारणारा शिपाई, आणि तरीहि वाद सोडविण्यास संस्थानाचाच धनी: मावळांतील चित्र व हें चित्र यांत वेष तेवढा बदललेला आहे.

साम्य येथपर्यंतच जातें. युद्ध संपल्यावर अमेरिकन पुढाऱ्यांनीं या अनुभवाचा हिशेब मांडला. १७८७ मध्यें त्यांनीं नवी राज्यघटना तयार केली व १७८९ पासून ती अमलांत आणली. तिनें मध्यवर्ती सरकारास कर बसविण्याचा व सैन्य बाळगण्याचा अधिकार दिला. संस्थानें राहिलीं, त्यांचीं मिलिशिया पथकेंहि राहिलीं. परंतु देशाच्या युद्धाचा खर्च तेरा दारांतून मागून आणण्याची पाळी संपली. इंग्रजांचीहि तेव्हां हिंदुस्थानांत एक फौज नव्हती. मुंबई, मद्रास व बंगाल या तीन इलाख्यांचीं तीन सैन्यें होतीं, आणि तीं एका झेंड्याखालीं पूर्णपणें एकत्र आलीं तीं १८९५ सालीं. परंतु वडगांवचा करार मुंबई व कलकत्ता दोहोंनींहि झिडकारला, आणि एका इलाख्याची हानि दुसऱ्यानें भरून काढली. गॉडर्डची बंगालची फौज मध्य हिंदुस्थान ओलांडून १७७९ च्या फेब्रुवारीअखेर सुरतेस येऊन दाखल झाली.

मराठ्यांच्या बाजूस पुढें जें घडलें तें वडगांवच्या भेगेचा विस्तारच होय. २६ जानेवारी १७८० रोजीं फत्तेसिंह गायकवाडांनीं गॉडर्डशीं स्वतंत्र तह केला. नानांनीं त्याच वर्षीं निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध एकजूट जुळविली. नागपूरची मोठी फौज कटकापर्यंत गेली आणि हेस्टिंग्जनें पैशानें तिला निवारलें. तरीहि पुण्याची बाजू खचली नाहीं. १७८१ मध्यें गॉडर्ड घाटमाथ्यापर्यंत आला तेव्हां हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांनीं वडगांवचीच युक्ति पुन्हां योजिली आणि एप्रिलांत परततांना त्याचीं चारशेंहून अधिक माणसें गारद झालीं. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहिली. भडोच मात्र महादजींस मिळालें, आणि तें वडगांवास त्यांनीं दाखविलेल्या औदार्याबद्दल म्हणून. शत्रूनें कृतज्ञता व्यक्त केली ती पुण्याच्या दौलतीविषयीं नव्हे, एका दौलतीविषयीं.

त्यानंतर प्रत्येक दौलत आपापल्या परीनें बळकट होत गेली. महादजींनीं डी बॉइनकडून कवायती पलटणी तयार करविल्या. त्यांच्या पगारास दुआबांतील मुलूख वेगळा तोडून दिला, म्हणून तो वेळेवर मिळे. सैन्याचें उत्तर महादजींस सांपडलें होतें, परंतु तें शिंदेशाहीपुरतें. १७९३ मध्यें लाखेरीस शिंद्यांच्या पलटणींनीं होळकरांची फौज मोडली. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास निजामाविरुद्ध सारीं पथकें पेशव्यांच्या निशाणाखालीं अखेरचीं एकत्र दिसलीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याच्या वेशीवर, हडपसरास, यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं वसईचा तह झाला. १८०३ च्या सप्टेंबरांत असईस शिंदे व भोसले लढले तेव्हां होळकर आले नव्हते, आणि होळकर पुढच्या वर्षीं लढले तेव्हां शिंदे थकलेले होते. यांपैकीं कोणत्याहि रणांत मराठा शिपाई भित्रा ठरला नाहीं. पथकाच्या धन्यानें हांक मारली तेथें तो गेला आणि पडला. दौलतीची हांक त्याच्यापर्यंत पोंचविणारी वाट मात्र शतकभरांत कोणीं बांधली नव्हती.

या इतिहासाचें निरूपण करतांना सरदारांवर स्वार्थाचा ठपका ठेवून मोकळें होण्याची संवय पडून गेली आहे. परंतु वडगांवच्या पंधरवड्यानें दाखविलें कीं हेच सरदार आपलें घर जाळून दौलत राखूं शकत होते. संकट दारांत असतां मनें एक होतात. तें ओसरल्यावर तीं एक ठेवण्यास खजिना एक लागतो, हिशेब एक लागतो आणि तक्रारीचें दार एक लागतें. शिवाजी महाराजांनीं हें ओळखलें होतें, आणि अमेरिकन संस्थानांनीं तें रक्त सांडून शिकून घेतलें.

सुदुंबऱ्यास आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पांचव्या बटालियनचा तळ आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर हें दल उभें राहिलें. यांतील जवान निरनिराळ्या प्रांतांतून आलेले असतात आणि निरनिराळ्या राज्यांच्या हाकेस धांवून जातात. त्यांचा पगार मात्र एकाच खजिन्यांतून होतो. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला, तेव्हां ढिगाऱ्याखालीं गाडलेल्यांस बाहेर काढण्याचें काम याच दलाच्या जवानांनीं केलें. तो गांव कोणाच्या सरंजामांतला, असें त्यांस विचारावें लागलें नाहीं.